नाळेच्या रक्ताचा आकडा

हे लिहू नये असं माझ्या नवऱ्याचं मत आहे. झालं ते झालं, आता कशाला उगाळायचं, असं तो म्हणतो. मुलगी म्हणते, लिही, पण त्या आकड्याचं लिहू नकोस. मी त्या आकड्यासाठीच लिहायला बसले आहे. बाकीचं आजारपण माझ्यापेक्षा वाईट कितीतरी जणांनी काढलंय आणि हसतमुखाने काढलंय. मी हसतमुख नव्हते. मला राग फार यायचा आणि तो झाकायची मला सवय नाही.

रिपोर्ट घ्यायला सरांना पाठवा

मी नगरच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. राहते केडगावला, माहेर जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याचं. हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा मी टूथब्रश बदलला. मांड्यांवर निळे डाग उठले तेव्हा स्टाफरूममधल्या टेबलाच्या कोपऱ्याला दोष दिला. जिना चढून वर्गात गेले की दम खायला हजेरी लांबवायचे. पोरांना वाटायचं, मॅडम हल्ली हजेरीला भलत्याच कडक झाल्या. ताप आठ दिवस उतरेना तेव्हा कुठे रक्त तपासलं. दुपारी लॅबमधून फोन आला, "मॅडम, रिपोर्ट घ्यायला सरांना पाठवा."

आमच्याकडे चांगला रिपोर्ट बाईच्या हातात देतात, वाईट असला की नवऱ्याला बोलावतात. हे मला माहीत होतं, तरी मी कुकर लावत बसले. श्रीकांत तासाभराने आला तो हातात भेळ घेऊन. लग्नाला बावीस वर्षं झाली. या माणसाने मी मागितल्याशिवाय कधी भेळ आणलेली नाही. रिपोर्ट त्याने गाडीच्या डिकीतच ठेवला होता. मी विचारलं, "काय निघालं?" तो म्हणाला, "आधी खाऊन घे." मग स्वतःच रडायला लागला आणि मला त्याची पाठ थोपटावी लागली. रक्ताचा कॅन्सर. दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याला.

ज्यांच्या घरात आज हे घडलंय त्यांना एवढंच सांगते: घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी खोटं बोलू नका. माझ्या आईला आम्ही तीन आठवडे "रक्त कमी झालंय" एवढंच सांगितलं. ती खर्ड्याहून बीट आणि डाळिंबं पाठवत राहिली. वॉर्डात कच्चं फळ चालत नव्हतं, म्हणून श्रीकांत ती वॉचमनला वाटून टाकायचा आणि फोनवर "खाल्ली, खाल्ली" म्हणायचा. खरं कळल्यावर आई माझ्या आजाराला कमी रडली आणि डाळिंबांना जास्त. जावयाशी ती पुढे महिनाभर नीट बोलली नाही.

शेजारची खाट

वॉर्डात सकाळी अकराला रक्ताचे काउंट कळायचे. तोवर कुणी कुणाशी धड बोलत नसे. कळले की खाटाखाटांवरून विचारपूस सुरू, "तुमचे किती? वाढले का?" वाढलेल्याने आनंद दाखवायचा नाही आणि घटलेल्याने तोंड पाडायचं नाही, असा तिथला अलिखित रिवाज होता.

शेजारच्या खाटेवर सुनंदा होती. अकोले तालुक्यात पार डोंगरातलं गाव. अंगणवाडीत मदतनीस, घरी भाताची खाचरं, सहा आणि आठ वर्षांची दोन पोरं. वय चौतीस. आजार माझाच, फक्त माझ्या दीड महिना आधी सुरू झालेला. केस गेलेल्या डोक्यावर ती पदर घ्यायची आणि डॉक्टर आले की तो आणखी पुढे ओढायची. तिचा नवरा किसन बस बदलत बदलत यायचा, सोबतीच्या एका माणसाखेरीज आत कुणाला सोडत नसत, म्हणून दाराबाहेरच्या बाकावर बसायचा आणि काचेतून हात हलवायचा. एवढ्या लांबून येऊन दहा मिनिटं हात हलवायचा, बस.

सलाइनची सुई टोचताना मी नर्सवर ओरडले की सुनंदा म्हणायची, "बाई, तिच्यावर नका वरडू. तिचा हात कापतो मग." ती सांगेल ते मी ऐकायचे. का, ते मला आजही सांगता येत नाही.

मी केलेला हिशेब

औषधांच्या पहिल्या फेरीने आजार दबला. पण तो परत येणार, म्हणून कुणाच्या तरी रक्त तयार करणाऱ्या पेशी आणून माझ्या मज्जेत रुजवायच्या, असं ठरलं. माझा एकुलता भाऊ दत्ता अर्धा जुळला. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "अर्ध्या जुळणीवर करता येतं, तो रस्ता आहेच. पण त्यात धोका जरा जास्त. त्याआधी नाळेच्या रक्ताच्या सार्वजनिक बँकेत बघू. त्या रक्ताला जुळणी थोडी सैल चालते."

मग त्यांनी बँकेचं नाव घेतलं. ती बँक मला चांगलीच ठाऊक होती.

बाळ जन्मल्यावर कापलेल्या नाळेत आणि वारेत जे रक्त उरतं, ते एरवी फेकलंच जातं. त्यात याच पेशी असतात, म्हणून ते पिशवीत घेऊन गोठवून ठेवायचं, कुणाही गरजूसाठी. प्रश्न असा, की अशा किती पिशव्या साठवायच्या? आठ वर्षांपूर्वी त्या बँकेच्या विश्वस्तांनी हा प्रश्न मला दिला होता. सुट्टीत बसून मी तो सोडवला. कॉलेजात माझा सत्कार झाला, शाल मिळाली.

पोरांना मी तो असा समजावायचे. जत्रेत बसलेल्या कासाराने बांगड्यांचे वेगवेगळ्या मापांचे किती डबे आणावेत? पहिल्या चारपाच डब्यांत बहुतेक बायकांचे हात भागतात. पुढचा प्रत्येक डबा कमी कमी हातांना लागतो. विसावा डबा कदाचित एकाच बाईसाठी. तो वाहून आणायचा का? कुठेतरी थांबावं लागतं. कुठे थांबायचं ते मी सांगितलं होतं. आकडा इथे देत नाही, कारण तो वाचून कुणीतरी पुन्हा शाल देईल. अहवालात शेवटी एक वाक्य होतं: "या मर्यादेपलीकडे उरणाऱ्या अल्प रुग्णांसाठी अन्य पर्याय शोधणे सयुक्तिक ठरेल." ते वाक्य लिहिताना मी चहा पीत होते, एवढं मला आठवतं.

पाच दिवसांनी बँकेचं उत्तर आलं. माझ्याशी जुळणारं काही नाही. सुनंदाशीही नाही.

सातवा महिना

डॉक्टर मॅडम सहज बोलून गेल्या, "तुमच्या जामखेडकडचं त्या बँकेत जवळजवळ काही नाहीच."

मी म्हटलं, शक्यच नाही. बँक रक्त घ्यायची ते नगर आणि पुण्याच्या मोजक्या दवाखान्यांतून, हे खरं. पण त्या दवाखान्यांच्या नोंदवह्या मी स्वतः चाळल्या होत्या. गरोदर बाई नाव घालायला आली की तिचं माहेर लिहून घेतात. त्यात जामखेड होतं, कर्जत होतं, पाथर्डी होतं, अकोलेसुद्धा होतं. लोकांच्या सोयरिकी ठरावीक पट्ट्यांत होतात, म्हणून रक्ताचे नमुनेही पट्ट्यापट्ट्याने बदलतात, हे मला ठाऊक होतं. सगळे पट्टे शहरात येतात असं पाहूनच मी शहरातले दवाखाने पुरेसे धरले होते. श्रीकांतला मी कपाटातून अहवालाची फाइल आणायला लावली. तो म्हणाला, "तू आराम कर ना गं." मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

दोन दिवस फाइल उशाशी होती. प्रत्येक गुणाकार तपासला. चूक सापडेना.

चूक आईने दाखवली, आणि तिला कळलंही नाही. ती मास्क लावून माझ्याजवळ बसली होती आणि मला रमवायचं म्हणून गावाकडचं काहीबाही सांगत होती.

"दत्त्याच्या पोरीचं नाव घातलंय बघ नगरच्या दवाखान्यात. लई भारी दवाखाना हाय म्हनं."

"मग तिथेच होईल बाळंतपण," मी म्हटलं.

"आगं, तिथं कसं हुईल? पयलं बाळंतपण हाय. सातव्यात ओटी भरायची अन् घिऊन यायचं खर्ड्याला. जामखेडला दवाखाना हाय की. तुझं न्हाई का केलं आमी?"

माझं केलं होतं. मीसुद्धा चौथ्या महिन्यात नगरला नाव घातलं होतं. सातव्यात डोहाळजेवण झालं, हिरवी साडी नेसून मी भावाच्या जीपमध्ये बसले आणि मुलगी जामखेडला झाली. नगरच्या नोंदवहीत माझं नाव आणि खर्डा हे माहेर तसंच राहिलं. माझ्यासारख्या शेकडो बायका त्या वहीत राहिल्या आणि बाळंत झाल्या आपापल्या माहेरी, जिथे पिशवी घेऊन कुणीही उभं नव्हतं. मी नाव घालणं म्हणजेच बाळंतपण धरलं होतं. एखाद्या परदेशी माणसाने ही चूक केली असती तर मी त्याला हसले असते. पहिलं बाळंतपण माहेरी, हे मी विसरले. मी, जिने स्वतः अडीच महिने आईच्या हातचे डिंकाचे लाडू खाल्ले.

मी फाइल मिटली आणि डोक्यावरून पांघरूण ओढून घेतलं. आईला वाटलं, तिचंच काही चुकलं. मी तिला सांगायला हवं होतं की तसं नाही. सांगितलं नाही.

सुनंदाला सांगितलं

तिला सांगायचं की नाही यावर मी चार दिवस घालवले. श्रीकांत म्हणाला, "तिला सांगून काय साधणार? तुझं मन हलकं होईल, तिचं जड." त्याचं बरोबर होतं. तरी मी सांगितलं, कारण ती रोज डॉक्टरांना विचारायची, "त्या बँकेचं आलं का काही दुसरं?" आणि डॉक्टरांना रोज नाही म्हणावं लागायचं.

तिला दुसरा रस्ता उरला नव्हता. आईवडील गेलेले. भाऊ तपासला, तो अर्धासुद्धा जुळला नाही. पोरं अर्धी जुळणार, पण लहान. आणि गरोदरपणात आईच्या शरीराला पोराच्या रक्ताची जी ओळख होते ती कधीकधी वैराची ठरते, तशी तिची ठरली होती. माझंही माझ्या मुलीशी तेच झालं होतं. एकोणीस वर्षांची पोर रडत होती, "माझं का नाही चालत?"

सुनंदाला मी सगळं सांगितलं. कासाराच्या डब्यांसकट. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "म्हंजी आमच्याकडं कोनी आलंच न्हाई इचारायला."

"नाही आलं."

"माझी दोन बाळंतपणं झाली की वो. दोन्ही दवाखान्यातच झाली. सासूनं वार मागून घेतली न् पुरली आंगणात. इचारलं असतं तर रगत दिलं असतं की. वार तेवढी मागितली असती."

मी म्हटलं, "माझं चुकलं, सुनंदा."

"तुमी काय जानूनबुजून केलं का?" असं म्हणून तिने तोंड भिंतीकडे केलं. संध्याकाळपर्यंत तसंच ठेवलं. तिने मला माफ केलं असं मी कधी मानलं नाही. तिने तसं म्हटलं नव्हतं.

दत्ता

माझ्यासाठी अर्ध्या जुळणीचा रस्ता उरला. दत्ताला साखरेचा त्रास, घरी लग्नाची पोरगी नुकतीच उजवलेली, दुसरी कॉलेजात. वहिनीने फोनवर विचारलं, "ताई, ह्यास्नी काई हुनार तर न्हाई ना?" मी तिच्यावर चिडले. आज मला वाटतं, तिचा प्रश्न अगदी रास्त होता. तिच्या जागी मी तर लेखी मागितलं असतं. दत्ता पाच दिवस पोटात इंजेक्शनं घेत होता. पेशी काढायच्या दिवशी चार तास यंत्राला जोडलेला पडून होता आणि मला व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "आक्का, लई गोड हाय माझं रगत. तुला शुगर लागंल आता." मी हसले. तोंडभर फोड आले होते, हसताना रक्त आलं.

बंद खोलीतले ते पस्तीस दिवस मी थोडक्यात सांगते. भीती सकाळी उठताना सर्वात जास्त वाटते. उकळलेल्या पाण्याचीही चव नकोशी होते. फरशी पुसणाऱ्या मावशी दारावर टकटक करून "येऊ का ताई?" विचारायच्या, सगळं अंग परक्यांच्या हातात गेलेलं असताना कुणीतरी परवानगी मागतं, याचं मला फार अप्रूप वाटायचं. एकदा मी "नको" म्हटलं. त्या "बरं" म्हणून गेल्या आणि अर्ध्या तासाने पुन्हा आल्या. एवढ्यानेही दिवस सरतो.

एकोणिसाव्या दिवशी काउंट वर आले. दत्ताच्या पेशींनी घर धरलं. नंतर अंगावर पुरळ, जुलाब, पुन्हा दोनदा भरती, हे सगळं झालं. आज दोन वर्षं होत आली, मी उभी आहे. डाव्या हाताची कातडी अजून ताठ आहे आणि फळ्यावर लिहिताना खडू सुटतो.

मी खोलीतून बाहेर आले तेव्हा शेजारची खाट दुसऱ्या कुणाची होती. सुनंदाचा आजार उलटला होता. औषधांची तिसरी फेरी नको म्हणून ती घरी गेली होती. भात कापणीच्या दिवसांत ती वारली. किसनने फोन केला तेव्हा मागे माणसांचा गलका होता. तो एवढंच म्हणाला, "बाई, तुमाला सांगायला ती बोलली हुती म्हनून केला."

मी त्याला म्हटलं, "किसनभाऊ, ते पिशवीचं मी करते. तुमच्या भागात येईल ती." त्या वेळी बोलायला दुसरं काही सुचलं नाही.

दुसरा अहवाल

बरी झाल्यावर मी विश्वस्तांकडे गेले आणि चूक सांगितली. चांगली माणसं आहेत, कुणी मला दोष दिला नाही. नवा हिशेब करा म्हणाले. मी केला. बँक फार मोठी करायची गरज नव्हती. आकडा जवळपास तोच आला. पिशव्या कुठून घ्यायच्या ते बदलायला हवं होतं. बायका जिथे बाळंत होतात तिथे जायला हवं होतं, तालुक्याच्या दवाखान्यांत. परिचारिकांना शिकवायचं, थंड पेटी ठेवायची, रक्त वेळेत पुण्याला पोचवायचं. एका वर्षात एकच तालुका जमेल, असं विश्वस्त म्हणाले. क्रम तुम्हीच लावून द्या.

मी क्रम लावला. बाळंतपणं किती, रस्ता किती तासांचा, एका पिशवीमागे नव्या जुळण्या किती. प्रामाणिकपणे लावला, तीनदा तपासला, चौथ्यांदा सहकाऱ्याकडून तपासून घेतला. जामखेड पहिलं आलं. अकोले शेवटून दुसरं. डोंगरातली गावं विखुरलेली, बाळंतपणं थोडी, जीप आणि बस मिळेल तेव्हाची. गणित बरोबर आहे. माझं माहेर वर आलं म्हणून मी ते मुद्दाम उलटं करून पाहिलं, तरी बरोबरच आलं. तो कागद देताना मला लाज वाटली आणि मी तो दिला.

जामखेडला पेटी बसली. दत्ताच्या मुलीच्या वेळी ती नव्हती, पण तिच्या जावेचं माहेरही जामखेडकडचंच, तिच्या वेळी होती. आईने मला कौतुकाने फोन केला.

गेल्या महिन्यात मी वर्गावरून येत होते. फोन वाजला. किसन होता. दोन वर्षांत पहिल्यांदाच. पोरं बरी आहेत म्हणाला, थोरली पाचवीला गेली. मग जरा अडखळला.

"बाई, ते पिशवीचं तुमी म्हनला हुता. माझ्या भावजयीला नववा लागलाय. तिचं माह्यारबी अकोल्यातच हाय. मी समद्यांना सांगून ठिवलंय. आमची आईपन तयार झाली, वारंचं तेवढं बघा म्हनली. तर तिथं दवाखान्यात कुनाला सांगायचं?"

मी जिन्यातच उभी राहिले. खालून पोरं वर येत होती, त्यांना वाट द्यायला भिंतीला टेकले.

"अजून नाही आली तुमच्याकडे, किसनभाऊ," मी म्हटलं. "यादीत आहे. वेळ लागेल."

"किती?"

मला वर्षं माहीत होती. मी ती सांगितली.

तो म्हणाला, "बरं. मग तिच्या दुसऱ्या खेपंला तरी हुईल का?"

मी म्हटलं, "नाही होणार."